ओळीत नसलेलं सर्वनाम

शनिवारच्या वर्गात स्वतःचं आणि पत्नी सुहासिनीबाईंचं, अशी दोघांची नावं दत्तात्रय पटवर्धनांनीच घातली होती. कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना जुनं चिनी आणि जपानी साहित्य इंग्रजी भाषांतरातून वाचायचं होतं. वर्ग सुरू होण्याआधीच हृदयविकाराने ते गेले.

सुहासिनीबाई एकट्याच जाऊ लागल्या. बेंगळुरूहून लेक नूपुर फोनवर म्हणाली होती, "आई, तू जा ना. घरात बसून काय करणार तू?" बाईंना वाद घालायचाही कंटाळा आला होता.

बेहालाहून बागबाजारपर्यंतच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत, पण काय पाहिलं ते उतरल्यावर आठवत नसे. वर्गात कवितांमधून डोंगर येत, नद्या येत, निरोप घेणारे मित्र येत. सगळं समजायचं. आत काही हलायचं नाही.

एकदा शिकवणाऱ्या मृणालदींनी एक छोटी कविता दिली. नवरा दूर सरहद्दीवर गेलाय, आणि बायको त्याला थंडीचं विचारते आहे. "प्रत्येकाने आपापल्या भाषेत आणा," त्या म्हणाल्या.

बाकीचे बंगालीत लिहू लागले. सुहासिनीबाईंनी 'तू' लिहिलं, खोडलं. 'तुम्ही' लिहिलं, तेही खोडलं. मग त्यांनी विचारलं, "मूळ चिनीत ती नवऱ्याला काय म्हणते?"

"काहीच नाही," मृणालदी म्हणाल्या. "त्या ओळीत सर्वनामच नाहीये. इंग्रजीला चालत नाही म्हणून तिथे घातलंय."

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं : तिकडे गारठा असेल. कोट घातला का?

मृणालदींनी अर्थ विचारून घेतला. "यातही कुणाला विचारलंय ते येत नाही?"

"नाही. आम्ही असंच बोलायचो. जेवण झालं का, औषध घेतलं का. नाव घ्यायची वेळच यायची नाही."

शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. सुहासिनीबाईंना तो हात जाणवला, ऊबही जाणवली. रडू मात्र आलं नाही.

घरी येऊन त्यांनी आमटीला फोडणी दिली. तेवढ्यात नूपुरने फोनवर विचारलं, "कसा झाला क्लास?"

"बरा झाला. दुर्गापूजेनंतर जपानी सुरू होतंय."

"जाणार ना तू?"

"जाईन," त्या म्हणाल्या, आणि आमटी उतू जातेय म्हणून फोन ठेवला.