इलेक्ट्रॉनची गाडी

मंडळी, आज पांढुर्ण्याला नवा मोबाइल घेतला. दुकानदार म्हणाला, "काकाजी, ओएलईडी पडदा आहे. उजेड पाहा ना." मी पाहतच राहिलो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझा धाकटा भाऊ वसंता याच उजेडावर संशोधन करायचा. एका दिवाळीत सौसरला घरी आला, तेव्हा त्याने काचेची पट्टी बॅटरीला जोडून दाखवली. हिरवट उजेड क्षणभर दिसला आणि विझला.

तो म्हणाला, "आई, समज नागपूरकडून होल येतात अन् इटारसीकडून इलेक्ट्रॉन. दोघं भेटले की उजेड. पण इलेक्ट्रॉनची गाडी लेट होऊन राहिली. तिला वेळेवर आणील असा रसायनाचा थर शोधून राहिलो."

होल म्हणजे भोक, एवढंच आईला कळलं. "इतका शिकला, अन् भोकं मोजून राहिला का रे?"

"पुढच्या दिवाळीला न विझणारा आणतो," तो हसून म्हणाला.

पुढची दिवाळी त्याने पाहिली नाही. आई मात्र शेवटपर्यंत मला विचारायची, "वसंताची गाडी आली का रे?"

आता आईही नाही. मघापासून मोबाइल हातात घेऊन बसलो आहे. गाडी आली, हे मी कोणाला सांगू?