आरशावरचं पत्रक

सलूनवाल्या तात्यांनी संसदेच्या निवडणुकीचा अर्ज भरला तेव्हा आख्खी बाजारगल्ली हसली. तात्यांचं म्हणणं एकच, लढाई थांबवा. सीमेवर दुसरं वर्ष चालू होतं, आणि लहानपणी ज्या पोरांना तात्या खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवायचे, त्यांतली चार परत आली नव्हती.

प्रचाराला ना गाडी ना कर्णा. तात्यांनी पत्रक आरशावर चिकटवलं, बरोबर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. एकदा साबण लागला की माणूस पळणार कुठं?

"पोरगा तुमचा फौजेत, आणि तुम्ही फौजेच्या मुळावर?" समोरचा किराणावाला खुर्चीतून म्हणाला.

"फौजेच्या नाही बाबा, लढाईच्या. हनुवटी वर कर."

"माझं मत काही मिळायचं नाही."

"वस्तऱ्याखाली गळा देतोस बिनघोर, मत देताना तेवढा हात आखडतो होय रे?"

किराणावाला हसला, पण पुढच्या दाढीला कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये गेला. त्याच्यामागं आणखीही गेले. तात्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

मतदानाला आठ दिवस असताना पोरगा रजेवर आला. त्याला मात्र लागलं. चौकात कुणीतरी टोमणा मारला, "लढतोस तू, आणि तुझ्या वाटचा बाप दमला वाटतं." तेव्हापासून त्यानं बापाशी बोलणं टाकलं.

"त्याला म्हणावं, आंघोळीचं पाणी तापलंय," तात्या बायकोला सांगत.

"समोरच बसलाय. मी काय टपालखातं आहे?"

निवडणुकीत आपण सपाटून पडणार, हे तात्यांना ठाऊक होतं. त्याची फिकीर नव्हती. पोरगा असाच अबोला धरून सीमेवर गेला तर काय, एवढ्यानं घास उतरत नव्हता.

रजेच्या पाचव्या दिवशी सकाळी तो निघायचा होता. हजर व्हायचं तर केस बारीक हवेत. तो गल्लीत शिरला तसा किराणावाल्याचा तराजू हवेतच राहिला. पोरगा नव्या सलूनपाशी घुटमळला, मग सरळ पुढं आला आणि बापाच्या खुर्चीत बसला.

तात्यांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मशीन उचललं, परत ठेवलं, आणि खांद्यावरचा टॉवेल आरशावर टाकून पत्रक झाकलं.

"हे कशाला?" चार दिवसांत पहिल्यांदा पोरगा बापाशी बोलला.

"तू काय गिऱ्हाईक आहेस?"

पोरानं कापडाखालून हात काढून टॉवेल ओढला. "राहू दे. गल्लीनं वाचलं, मीही वाचतो."

त्यानं सावकाश वाचलं. खाली चार नावं होती. त्यांतले दोघे शाळेत त्याच्याच बाकावरचे. मशीन घरघरत राहिलं.

"टपालानं मत द्यायचंय, पण तुम्हाला नाही देणार हं मी," तो म्हणाला.

"मागितलंय कुणी? मान खाली घे."

पोरानं मान खाली घेतली.