श्रावणातली गोळी

वैशाखाच्या दुपारी घरातले सगळे विंझण्यानं वारा घेत आणि मी गोधडीत गुरफटून बसे. तोंड सुजलेलं, केस मुठीनं गळत, आवाज बेडकासारखा. सासूबाईंच्या मते तो आळस. शेजारणींच्या मते बाहेरची बाधा. सासरे सांगत की समुद्राचे मासे खाणाऱ्याला गळ्याचं दुखणं होतच नाही, ते डोंगरातल्या लोकांचं. घरात आणि दारात एवढे वैद्य असून मी बरी होत नव्हते, हा अर्थात माझाच दोष.

शेवटी मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्यानं मला तिकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यात एक ग्रंथी असते, तुझं शरीरच तिला परकी समजून पोखरतंय. तिचं काम आता गोळी करील. रोज, जन्मभर, एक दिवस चुकवायचा नाही. तीन महिन्यांत मी माणसात आले आणि गोळ्यांची बाटली घेऊन गावी परतले.

मग मूर्खपणा मीच केला. चौथी शिकलेली, म्हणून घरची पत्रं मी वाचून दाखवायची. नवऱ्यानं नवल म्हणून लिहिलं होतं की ही गोळी जनावराच्या गळ्यातली ग्रंथी सुकवून करतात. ती ओळ गाळावी एवढी अक्कल मला नव्हती. श्रावण लागला आणि सासूबाईंनी बाटली उचलून ठेवली.

"म्हयनोभर नाय घेतलंस तर मरूचंस नाय गो."

मेले नाही. चतुर्थीपर्यंत पुन्हा सुजले, नारळ खवता खवता विळीवरच पेंगले. त्यावर घरात ठरलं की गोळीनंच सवय लावली, आणि बाटली परत मिळाली.

पुढच्या श्रावणात सासूबाईंनी बाटलीसाठी पुन्हा हात पुढे केला. सासरे तेव्हा पडवीत खोकल्यावर तेल घेत होते, मुशी माशाच्या काळजाचं, दर पावसाळ्यात घेत तसं. मी आजवर त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

"ह्या तेल मुशीच्या काळजाचा," मी म्हटलं. "ता श्रावणात चलता, तर माझी गोळी पण चलाक व्हयी."

"ता औषध आसा," सासरे म्हणाले.

"ह्या पण औषधच." आणि सगळ्यांदेखत गोळी पाण्याबरोबर गिळली.

शिक्षा म्हणून माझे हात नैवेद्याला चालेनासे झाले. त्या चतुर्थीला मोदक सासूबाईंनी एकटीनं वळले, मी मागच्या दारी बसून राहिले. पुढच्या वर्षी त्यांची कंबर धरली, तेव्हा त्यांनीच मला चुलीपाशी बोलावलं. गोळी चालूच होती. हात तेवढे शुद्ध झाले होते.