आठ ते चारचा तक्ता

डॉक्टर होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, पण सिस्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला वकीलबाई म्हणायचे. बत्तीस इंटर्नांनी हात वर करून तिला आपली प्रतिनिधी निवडलं होतं. उभं राहायला दुसरं कोणी तयारच नव्हतं, हा भाग वेगळा. पण बाई निघाली खमकी. जेवणाच्या सुट्टीसाठी ती इंटर्नांच्या ड्यूट्या लावणाऱ्या मोठ्या सरांशी भांडली, इंटर्नांना रक्ताच्या बाटल्या आणायला पळवू नका म्हणून भांडली, आणि दोन्ही वेळा जिंकली. जिंकायची चटक लागली की माणूस काय काय सोडून देतो, हे तिला तेव्हा कुठलं कळायला!

मग तिने विश्रांतीची खोली मागितली. इंटर्न बिचारे जिन्याखाली, स्ट्रेचरवर, मिळेल तिथे डुलक्या काढायचे. मोठे सर हसले. "देतो की. पण तपासणीवाले येतायत, आणि तुमचे ड्यूटीचे तक्ते बघून मलाच घाम फुटतो. ते जरा नीटनेटके करून दे."

नीटनेटके म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. नियमात आठ तास होते, वॉर्डात तीस. वकीलबाईने बत्तीस जणांचे तक्ते स्वतःच्या हाताने भरले, आठ ते चार, आठ ते चार, आणि सह्यांसाठी फिरवले. तुकडीतली सगळ्यात लहान, जिला सगळे धाकटी म्हणायचे, तेवढी पेन धरून थांबली.

"अगं, पण मी कालपासून घरीच गेले नाहीये. ते कुठे लिहायचं?"

"सही कर गं. खोली मिळतेय ना!"

धाकटीने सही केली. खोली मिळाली. दोन खाटा, एक पंखा, दाराला आतून कडी. टाळ्या वाजल्या. तपासणीवाले आले आणि गेले. सवय मात्र राहिली. दर सोमवारी वकीलबाई आठवडाभराचे तक्ते आगाऊच भरून, प्रतिनिधीच्या रकान्यात सही ठोकून मोकळी व्हायची.

आणि एका बुधवारी सकाळी दहा वाजता धाकटीने बारा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन अकरा नंबरच्या आजींना दिलं. सिस्टरच्या लगेच लक्षात आलं म्हणून आजी वाचल्या, पण दोन दिवस त्यांना ऑक्सिजन लागला. चौकशी बसली. मधल्या खुर्चीत अधीक्षक बाई, बाजूला मोठे सर, आणि नियमाप्रमाणे धाकटीच्या शेजारी तिची प्रतिनिधी.

अधीक्षक बाईंनी तक्ता पुढे ओढला. "बुधवारी आठला आलात. दहाला चूक. दोन तासांत एवढं कसलं दमायला झालं तुम्हाला?"

धाकटी मंगळवारी सकाळपासून वॉर्डातच होती. सव्वीस तास. वकीलबाई तक्त्यातलं स्वतःचंच अक्षर बघत राहिली. मोठे सर छताचा पंखा निरखत होते. धाकटीने एकदाच शेजारी पाहिलं आणि म्हणाली, "हो मॅडम, आठलाच आले होते. माझंच लक्ष नव्हतं."

निकाल आठ दिवसांनी होता. त्या आठ दिवसांत वकीलबाई त्या खोलीत एकदाही आडवी झाली नाही. आपण बोललो तर सगळ्यांची खोली जाईल, असं ती मनाला समजवायची, आणि खोलीच्या नावाखाली आपण आपलीच कातडी वाचवतोय हे लगेच कळून शरमेने कान तापायचे. घरी बाबा जेवताना बोलत बसायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. एकदा सहज म्हणाले, "आठ तास झाले की मी गाडी लावायचो. कोणी पुन्हा गाडीवर चढवायला बघितलं, तर आमचा युनियनवाला फाटकात आडवा पडायचा. तुमच्यात आहे का गं असा कोणी?"

"आहे," ती म्हणाली.

निकालाच्या दिवशी अधीक्षक बाई वाचू लागल्या, "आतापर्यंतचं प्रशिक्षण रद्द. पुन्हा पहिल्यापासून..." धाकटीने मान खाली घातली. वकीलबाई उभी राहिली.

"मॅडम, तो तक्ता खोटा आहे. अक्षर माझं आहे. बत्तीसही तक्त्यांवर माझंच आहे. ही सव्वीस तास ड्यूटीवर होती."

"हे करायला कोणी सांगितलं?"

"सरांनी मागितलं," ती म्हणाली. "पण दिलं मी."

मोठ्या सरांचं पंख्यावरून लक्ष उडालं.

धाकटीचा निकाल फिरला. महिनाभर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम, एवढंच. सरांची वेगळी चौकशी लागली, वकीलबाईचं प्रमाणपत्र सहा महिने अडकलं आणि खोलीला कुलूप लागलं. तिला वाटलं, स्वस्तात सुटलो आपण. अकरा नंबरच्या आजींना तर अजून तोंडही दाखवलेलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ती धाकटीला म्हणाली, "आभार वगैरे मानू नकोस हं."

"नाहीच मानणार," धाकटी म्हणाली. "मला वाटलं होतं, तू त्याच दिवशी बोलशील."



"कोरा तक्ता आहे?" धाकटीने विचारलं. वकीलबाईने खिशातून काढून दिला. धाकटीने तो भिंतीला टेकवला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, मंगळवार सकाळी आठ ते बुधवार सकाळी दहा. खाली सही केली, प्रतिनिधीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"आधी वाच," ती म्हणाली. "मग सही कर."

वकीलबाईने दोनदा वाचलं. मग सही केली.