अक्कांच्या घरातले कठीण शब्द

इंग्रजी शब्द अडला की आम्ही मोबाइल काढायचो. अक्का घरच्या माणसांची उजळणी करायच्या. "थांब, आमच्याकडे असं कोणीतरी आहे," म्हणत डोळे मिटायच्या आणि त्या शब्दाला शोभेलसा दीर नाहीतर नणंद हजर करायच्या. शब्दकोशावर त्यांचा विश्वास नव्हता. "एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात सांगतो मेला," असं त्यांचं मत होतं.

नाशिकच्या कॉलेजात एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही सगळे विशीतले आणि अक्का चाळिशी ओलांडलेल्या. माहेर नांदगावचं, सासर एकलहऱ्याच्या कॉलनीत. यजमान वीज केंद्रात शिफ्ट ड्यूटीला. अक्का एका खाजगी शाळेत पहिलीला शिकवायच्या. त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्राची जागा निघाली होती, आणि "यंदा पास झालात तर तुमची, नाहीतर दुसरं कोणी बघू," असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. अक्कांचं सगळं शिक्षण मराठीत आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. ती वाचताना मानसशास्त्राऐवजी मानसोपचारच घ्यावेत असं आम्हालाही वाटायचं.

पण अक्कांचं सासर भरलेलं होतं. 'बायस' म्हणजे धाकटी जाऊ, कारण रस्सा वाढताना तिच्या माहेरच्यांच्या ताटात तंगडी पडायची आणि बाकीच्यांच्या ताटात बटाटा. 'हायपोथिसिस'साठी खुद्द यजमान कामी आले. "हे ताटावर बसतात आणि घास घ्यायच्या आधीच म्हणतात, मीठ कमी आहे. हा झाला हायपोथिसिस. मग घास घेतात, ते व्हेरिफिकेशन. मीठ बरोबर असतं, तरी वरून घेतातच. याला पुस्तकात काय म्हणतात ते बघ बरं." मी पाहिलं. पुस्तकात त्यालाही नाव होतं, 'कन्फर्मेशन बायस', आणि त्यानंतर ते मी कधी विसरलो नाही.

सासूबाई म्हणजे 'इंडिपेंडंट व्हेरिएबल'. "त्यांचा मूड बदलला की आम्ही सगळे बदलतो. आम्ही बदललो तर त्यांना काही फरक पडत नाही."

एकदा अक्कांनी आम्हा दोघातिघांना जेवायला बोलावलं. अख्खा अभ्यासक्रम पंगतीला बसला होता. यजमान पाटावर टेकता टेकता "मीठ कमी दिसतंय" म्हणाले आणि आमच्यातली एकजण ठसका लागल्याचं निमित्त करून मोरीकडे पळाली. माझं लक्ष मात्र सासूबाईंकडे होतं. अक्का पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "आई, जमलंय का?" म्हातारी सावकाश चावत होती. शेवटी म्हणाली, "खाऊ दे की गं आधी." पुढे काही बोललीच नाही. मला तिचा भयंकर राग आला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. दार उघडंच होतं आणि आम्ही बाहेर रांगेत. त्यांनी अक्कांना विचारलं, 'इंटरमिटंट रीइन्फोर्समेंट' म्हणजे काय? शाबासकी रोज न मिळता अधूनमधून मिळाली, की सवय जास्त पक्की होते, एवढंच सांगायचं होतं. अक्कांनी डोळे मिटले. पहिलीचा वर्ग त्यांना पुन्हा दिसू लागला असणार.

"सर, मराठीत सांगू?"

"सांगा."

"मी दर दिवाळीला चकल्या करते. सासूबाई एखाद्या वर्षी म्हणतात, बरी झालीय हं. बाकी वर्षं काहीच नाही. दरवर्षी म्हणाल्या असत्या, तर एखाद्या वर्षी नाही म्हणाल्या की मी सरळ विकतच्या आणल्या असत्या. कधीच म्हणाल्या नसत्या, तर केव्हाच सोडलं असतं. पण कधीतरी म्हणतात ना, सर. म्हणून मी तळत बसते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मोहन किती घालता?" असं त्यांनी अगदी शास्त्रीय गांभीर्याने विचारलं.

अक्का पास झाल्या. जागाही मिळाली. मी अभिनंदनाचा फोन केला आणि राहवेना म्हणून विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या?"

"देवापुढे साखर ठेवली. म्हणाल्या, आता जरा घरात लक्ष दे."

म्हातारीचा राग माझ्या डोक्यात पुन्हा चढला. मी काही बोलणार, तेवढ्यात अक्काच हळू आवाजात म्हणाल्या, "पण संध्याकाळी शेजारणीला सांगत होत्या. मी खिडकीतून ऐकलं. 'आमची सून आता कालेजात शिकवनार हाय. लय हुशार हाय ती.' असं म्हणाल्या रे."

"मग?"

"मग काय, आज सकाळीच चकलीची भाजणी दळायला टाकली."

दिवाळी अजून बरीच लांब होती.