शेवटचं वाचन नवागामात

पुस्तक अजून आमच्याकडंच आहे. फळीवर, गव्हाच्या डब्याशेजारी, जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेलं. दोन भाग, एकेक भाग विटेएवढा जाड. मागायला कुणी आलं नाही, येणारही नाही. ज्यांचं आहे त्या बायांना ते वाचून संपलं असं वाटतंय. माझ्या जावेनं मला शपथ घातलीय म्हणून, नाहीतर त्यांच्या सोसायटीच्या गेटवर उभी राहून एकेकीला सुनावलं असतं मी.

माझी जाऊ कुसुम. जालन्याकडची. दहावी झालेली, आणि आमच्या नवागामच्या गल्लीत तेवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती. तिचा नवरा मारुती, म्हणजे माझे थोरले दीर, आणि माझा नवरा आनंदा, दोघं कापडाच्या लूमवर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आम्ही दोघी जावा घरी साड्यांना फॉल लावायचो. दोन खोल्या, मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला कान नाहीत असं म्हणायची सोय नाही. तिचं सगळं मला ठाऊक.

पर्वत पाटियाच्या नाक्याअलीकडं बँकवाल्यांची एक सोसायटी आहे. तिथल्या मराठी बायांच्या साड्या कुसुमकडं यायच्या. त्यात मंगलाबाई, मराठी शाळेतून रिटायर झालेल्या, केस पांढरे, आवाज छडीसारखा. इथं शहरात प्लेग आला त्या वर्षी ही सगळी मंडळी गाड्या भरून पुण्या-नाशकाला गेली होती. आम्ही कुठं जाणार? तोंडाला फडकी बांधून इथंच बसलो. मंडळी परत आली नि त्या संक्रांतीला मंगलाबाईंच्या डोक्यात आलं, की वेळ वाया घालवायचा नाही, अकरा जणींनी मिळून वर्षभरात एक मोठी रशियन कादंबरी वाचायची. पुण्याहून मागवली. पण तिसऱ्या पानावर सगळ्या अडल्या. नावंच एवढाली लांब, की वाचणारीची जीभ अडखळायची आणि ऐकणाऱ्या हसत बसायच्या.

त्याच दिवसांत कुसुम साड्या द्यायला गेली. बाई आत चष्मा शोधत होत्या, पुस्तक टेबलावर उघडं. हिला गप बसवतंय होय? घेतलं नि मोठ्यानं वाचायला लागली. बाई चष्मा शोधायचं सोडून दारात येऊन उभ्या.

"अगं कुसुम, कुठं होतीस तू?" म्हणाल्या. "ही नावं कशी येतात तुला?"

"त्यात काय बाई, आपल्यासारखंच की. मधे बापाचं नाव लावतात."

झालं! वाचायला माणूस मिळालं. दर शनिवारी दुपारी कुसुम वाचणार, त्या अकरा जणी ऐकणार. महिनाभर एकीच्या घरी, मग दुसरीच्या. घर ठरवायला भिशीसारख्या चिठ्ठ्या, एका स्टीलच्या डब्यात. आणि चिठ्ठी काढायची कुणी? कुसुमनंच. "तुझा हात चांगला आहे," अर्चनावहिनी म्हणायच्या. या अर्चनावहिनींचे मालक बँकेत मॅनेजर, म्हणून सोसायटीत मंगलाबाईंच्या खालोखाल त्यांचाच शब्द.

कुसुमचं ते वर्ष मी बघितलंय. पुस्तक घरी आणायची, शनिवारचं वाचन शुक्रवारी घोकायची. मी भाकरी थापायची, ही चुलीच्या उजेडात बसायची, आणि मी "हुं" म्हणायचं. आमच्याकडं गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं ऐकणारा झोपला. त्या सोसायटीतल्या बाया हुं म्हणत नव्हत्या, पण ही थांबली की "पुढं? पुढं?" करायच्या. त्यावरच ही खूश. "सुवर्णे, आज सगळ्या रडल्या," असं येऊन सांगायची, जशी काही तिनंच ती गोष्ट लिहिली.

गोष्ट एका दार्या नावाच्या बाईची. नवरा तिला गावाकडं सोडून शहरात दुसरीकडं राहतो. मागं सासू, जमीन, पिठाची गिरणी, सगळं ही ओढते. बर्फच बर्फ, घोडागाड्या, चहाचा तो त्यांचा समोवार. मी विचारलं, म्हणजे काय गं? म्हणाली, "आपला बंबच, पण चहाचा." त्या दार्याचं मला फार वाईट वाटायचं. गिरणीतला आवाज कानात भरून ती जेवायला बसते असं एक पान होतं, तेव्हा कुसुम मारुतीभाऊंच्या खाटेकडं बघत राहिली होती. लूमवर राहून राहून भाऊंना ऐकू कमी येतं.

आता चहाचं सांगते. त्या अकरा जणींना कपबशीत चहा, कुसुमला स्टीलच्या पेल्यात. का, तर "वाचताना कप सांडेल गं तुझ्या हातून." वर्षभर अकरा घरं फिरली ही, आणि अकराही घरांत पेला! अकरा घरांनी काय आधी ठरवून ठेवलं होतं का? पण कुसुमला काही म्हणायला गेलं की म्हणायची, "तू फार वाकडं बघतेस." बघते मी वाकडं. माझे डोळेच तसे आहेत, मला सरळ दिसतं.

तिच्या मनात एकच होतं. महिने बारा, त्या अकरा, बारावी ही. दर महिन्याला डब्यात हात घालायची आणि मनात म्हणायची, माझी नको येऊ दे, माझी नको येऊ दे. शेवटचा महिना तिला हवा होता. शेवट आपल्या घरी वाचायचा. पावसाळा सरला आणि तिची चिठ्ठी आली नव्हती, तर दिवाळीतच भिंतींना चुना लावला. आमच्या खोलीतली सतरंजी मागून घेतली. मारुतीभाऊंना सांगून ठेवलं, की डिसेंबरात शनिवारी दुपारी खाट बाहेर काढायची. आणि एक दिवस बोहारीण आली, तिच्याकडून बारा कपबश्या घेतल्या. निळ्या काठाच्या. बदल्यात लग्नातला शालू दिला.

मी डोकं धरलं. "अगं येडी का खुळी? जरीचा शालू देऊन कप घेतेस?"

"आपल्याकडं बाया येणार आहेत सुवर्णे. पेल्यात देऊ का त्यांना?"

तिचा चेहरा एवढा खुलला होता, की त्यावर पाणी ओतायला जीभ वळली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले, साड्यांचं गाठोडं मोठं होतं म्हणून. दाराशी बसले. वाचन झालं, चहा झाला, आणि कुसुमनं उगाच आपली गंमत म्हणून डबा पुढं ओढला. कुणाची चिठ्ठी निघणार हे ठाऊकच होतं तिला. हसत हात घातला. मग हसू मावळलं आणि हात आत फिरत राहिला. डबा तिरका करून बघितला. रिकामा.

"अगं, संपल्या चिठ्ठ्या," अर्चनावहिनी म्हणाल्या. "डिसेंबर परत मंगलाबाईंकडं. सुरुवात तिथं, समारोप तिथं."

"आणि माझी चिठ्ठी?"

मंगलाबाईंनी चष्मा काढला, पुसला. रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाल्या, "तुझी कशी असेल कुसुम? तू तर वाचायला येतेस."

वर अर्चनावहिनींनी मीठ चोळलं. "आणि तुमच्या भागात, मागच्या वर्षीचं ते सगळं झाल्यावर... आमच्या घरचे सोडणार नाहीत गं."

अगं बाई! प्लेग काय आमच्या घरी सतरंजी टाकून बसला होता? तुम्ही पळालात, आम्ही इथंच जगलो, आणि घाण आम्हीच? मी उठलेच होते. कुसुमनं माझ्या पदराला धरून खाली बसवलं. डब्याचं झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला. घरी आल्यावर म्हणाली, "माझी शपथ आहे, त्यांना काही बोलायचं नाही." मग गोधडी तोंडावर घेऊन झोपली.

मला वाटलं आता जाणार नाही. पण गेली. डिसेंबरातही दर शनिवारी गेली. मी भांडले, म्हटलं कामापुरता मामा केलाय तुला. म्हणाली, "दार्याला अर्ध्यात कशी सोडू?"

वर्षाच्या शेवटच्या शनिवारी मला म्हणाली, चल. मंगलाबाईंच्या घरी फुलदाणी, सगळ्यांच्या अंगावर चांगल्या साड्या. त्यांतल्या निम्म्यांचे फॉल आमच्या हातचे. कुसुम वाचायला लागली. दार्याचा नवरा म्हातारा होऊन परत येतो. रात्र, बर्फ, अंगावर धड कोट नाही. गिरणी बंद. तो घराच्या दारापाशी येतो आणि दार वाजवतो.

इथं कुसुम थांबली. पुस्तकात बोट घालून ठेवलं. मी दाराशी होते, मला स्पष्ट दिसत होतं, बोटाच्या पुढं अजून पानं होती. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत होती. मला तेव्हा कळलं ती कशाची वाट बघतेय. वर्षभर म्हणत होत्या ते "पुढं?" एकीनं जरी म्हटलं असतं, तर ती म्हणणार होती, पुढचं माझ्या घरी.

मंगलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "वा! काय शेवट आहे!"

मग सगळ्याच वा म्हणाल्या. टाळ्या झाल्या, ढोकळा आला, चहा आला. कुसुमला पेला. पुस्तक हातात तसंच धरून ती उभी राहिली, कुणी परत मागितलं नाही, तेव्हा पिशवीत घालून घरी घेऊन आली.

जानेवारीत दर शनिवारी तिनं कपबश्या धुतल्या. मी म्हटलं, आता कुणासाठी? म्हणाली, "कुणीतरी पुस्तक शोधेल की. बाईंच्या फळीवर नाही म्हटल्यावर येईल. एखादी तरी." सतरंजी तिनं मला फेब्रुवारीत परत केली. मला त्या राहिलेल्या चार पानांत काय आहे ते ऐकायचं होतं, म्हटलं, मला वाच, मी हुं म्हणते. नाही वाचलं. त्या सोसायटीच्या साड्या मात्र घेणं बंद केलं, सचिन गावाकडच्या एका दुकानाचं काम धरलं.

दोन वर्षांनी पर्वत पाटियाला भाजी घेताना मंगलाबाई भेटल्या. काठी आली होती हातात.

"कुसुम! अगं, मराठी मंडळात मी आपल्या कादंबरीवर बोलले. लोकांना फार आवडलं. तो शेवट, तो दार वाजवतो आणि लेखक तिथंच थांबतो! दार ती उघडणारच, हे आपण ओळखायचं. क्षमा म्हणजे काय ते त्या लेखकाकडून शिकावं."

"हो बाई," कुसुम म्हणाली.

"यंदा नवीन आणतोय. याहून मोठी. येशील ना वाचायला?"

"आवाज बसलाय बाई माझा."

बाई गेल्या. आम्ही चालायला लागलो. मला राहवेना. म्हटलं, "जाऊबाई, आता तरी सांग. उघडते का ती दार?"

"नाही उघडत."

"मग?"

"तो वाजवत राहतो. ती आत बसून ऐकते. मग उठते, बंबातला विस्तव विझवते, आणि कडी नीट बसलीय का ते हात लावून बघते."

मी हुं म्हटलं. कुसुमनं मेथीची जुडी दुसऱ्या हातात घेतली आणि रिक्षाला हात केला.