उत्कर्षाचं ‘नाय’

केळव्याच्या हरेश्वरच्या घरात ‘नाय’ म्हणायची कुणाला सवयच नव्हती. मुंबईचे पाहुणे म्हणाले, सुपारीच्या वाडीत तंबू ठोकू? हो. थोरला भाऊ दिनानाथ म्हणाला, विहिरीचं पाणी आधी माझ्या वाडीला? हो. आणि अशा घरात ही उत्कर्षा निपजली, जिचा अख्खा धंदाच ‘नाय’ म्हणायचा!

म्हणजे काय, तर अमुक एक गणित कॉम्प्युटरला झटपट सुटूच शकत नाही, कुणी कितीही डोकं लढवलं तरी, हे कागदावर सिद्ध करायचं. त्यात तिने पीएच.डी. केली. पुढे संशोधनाची जागा हवी, तिला पोस्टडॉक म्हणतात. तिची आई प्रेमलाबाई गावभर सांगत सुटली, पोरीला पोस्टात डॉक्टरकी मिळणार हाय. हसा लेको, हसा! पण जागा निघेनात, आणि निघाल्या तरी हिच्या विषयाच्या नसायच्या. तोवर ती पालघरच्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना शिकवत होती.

शेवटी एकदाची जाहिरात आली, तीही नेमकी तिच्या विषयाची. मुलाखत ऑनलाइन, घरूनच. त्याच सकाळी दिनानाथकाका ओटीवर येऊन बसला. बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता, आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

मुलाखतीत एक साहेब फार गोड बोलले. "हुशार आहात हो. पण जे होतच नाही, त्याच्यामागे कशाला लागता? एआयचं काम घ्या, जागा तुमचीच."

जागा उत्कर्षाच्या समोर होती, नुसती मान हलवायची होती. मग मात्र तिचं टाळकंच सरकलं.

"सर, जाहिरात माझ्या विषयाची आहे, आणि मी त्याच विषयासाठी आलेय. काय होऊ शकत नाही, हे कुणीतरी सांगायला नको? विषय बदलणार नाही मी."

साहेबांनी आभार मानले. जागा गेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ती बाहेर आली, तर काका टपलेलाच. "गेली ना? बरं झालं. सोमवारपासून बोईसर."

"नाय, काका."

"जल्मभर नाय-नायच करनार हायस काय?"

"करणार! आणि एकदा सिद्ध केलं ना, की कुणाच्या बापाला ते खोडता येणार नाय."

डोळे भरून आले होते तिचे, पण आवाज जरासुद्धा हलला नाही. काकाने मोर्चा भावाकडे वळवला. "हऱ्या, समजव तुज्या पोरीला."

हरेश्वर विड्याची पानं जुळवत बसला होता. सवयीने त्याचं तोंड ‘हो’ म्हणायला उघडलंसुद्धा. त्याने पोरीकडे पाहिलं, हातातली पानं खाली ठेवली.

"नाय, दादा," तो म्हणाला. "आनि उद्यापासून पानीबी आदी माज्या वाडीला."